अर्धा बघितलेला पिक्चर

पिक्चर कसा आहे, अल्बम कसा आहे, हे आमच्या गावात किएतला विचारायचं असतं. आणि किएत ते सॉसेजमध्ये सांगतो. माझ्याच सॉसेजमध्ये. मी देवळासमोरच्या पटांगणात वडाखाली कोळशावर सॉसेज भाजते, आणि हा बाबा माझ्या गाडीशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून जगाला मार्क देतो. पाच सॉसेज म्हणजे डोक्यावर घेऊन नाचा. अर्धा सॉसेज म्हणजे कुत्र्याला घाला.

"हुनताई, ह्या बँडचा तिसरा अल्बम ऐक. साडेचार सॉसेज! चौथ्यात मेल्यांनी केस कापले. खलास."

"केसांचा आणि गाण्याचा काय संबंध रे?"

"आहे ना! हेवी मेटलवाल्याने केस कापले की समजायचं, ड्रमवाला बायकोचं ऐकायला लागला. मग अल्बममध्ये पियानो येतो. पियानो आला की मी एक सॉसेज कापतो, व्हायोलिनला दोन."

स्वतःच्या डोक्यावर पुढे टक्कल, मागे उंदराच्या शेपटीएवढी वेणी. काळा टी-शर्ट, त्यावर कवटी, आणि कवटीच्या दातांवर माझ्या सॉसेजचं तेल. वय पन्नाशीच्या पुढचं. पण तोंडाचा पट्टा सुरू झाला की शाळकरी पोरांना गप्प बसवेल.

पोटापाण्याचं काम म्हणाल तर देवांना पिक्चर दाखवणं. हा धंदा त्याच्या बापाचा. आमच्या ह्या किनाऱ्यावर नवस फळला की कुणी अख्खं डुक्कर चढवतं, कुणी पिक्चर चढवतं. किएत ट्रकमधून पडदा आणतो, देवळाच्या दाराकडे तोंड करून लावतो, समोर लाल खुर्च्यांची एक रांग मांडतो. ती रांग देवांची, तिथे माणसाने बूड टेकायचं नाही. माणसं मागे बसायची. बसायची म्हणजे पूर्वी. आता घरोघरी मोबाइल, तेव्हा पुढे देव, मागे डास, आणि बाजूला मी.

त्याचे वडील, थिआमकाका, अबोल माणूस. पिक्चर संपेस्तोवर मशीनजवळ उभे राहायचे, तेही हात मागे बांधून. म्हणायचे, "पुढे बसलेला तिकीट काढत नाही, पण मधून उठूनही जात नाही. त्याला फसवायचं नाही." आणि हा त्यांचा दिवटा! पिक्चर लागला की अर्ध्या तासात कंटाळून माझ्या गाडीशी. कानात त्याचं ते लोखंड कुटणारं संगीत, आणि तोंडाने पडद्यावरच्या पिक्चरचा पंचनामा. पुढे काय होतं ते बघायला मान वळवेल तर शपथ. मत मात्र पूर्ण पिक्चरचं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी कधी काही म्हटलं नाही, कारण खरं सांगते, करमणूक व्हायची. पोट धरून हसायचे मी.

आमचे देव म्हणजे राजे. काळा चेहरा, वटारलेले डोळे, हातात तलवार. रोगराई पळवणारे. त्यांच्यावर किएतची एक खास थिअरी होती.

"हुनताई, राजे हे पहिले हेवी मेटलवाले. बघ ना. काळं तोंड, डोळे बाहेर, वर्षभर ढोल, झांजा, फटाके. भगत गालातून सळई आरपार घालतो. ह्यांच्यापुढे ती युरोपातली पोरं म्हणजे बालवाडी. पाच सॉसेज, राजेसाहेब!" असं म्हणून देवळाकडे बघून नमस्कार करायचा.

आता लाउआजीचं सांगते. धक्क्याजवळ कालवं फोडायला बसतात ना बायका, त्यांतली ती सर्वांत म्हातारी. हात कालवांच्या शिंपल्यांनी चिरलेले. मुलगा लांबच्या मासेमारी जहाजावर, वर्षातून एकदा तोंड दाखवणारा. सून व्हिएतनामची होती, हान नावाची, हसरी पोर. ती लेकरू लहान असतानाच निघून गेली. का गेली, गावाला माहीत नव्हतं. आजी विचारणाऱ्याला एकच सांगायची, "बाहेरच्या मुली, टिकत नाहीत." नातू यीशेंग तिनेच वाढवला. तो यंदा स्कूटरवरून बांधाच्या कठड्यावर आदळला. डोक्याचं ऑपरेशन. आजी चिआयी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातून एका सकाळी बसने आली, थेट राजांसमोर गेली आणि नवस बोलली: पोराने डोळे उघडू देत, पिक्चर चढवते. संध्याकाळी फोन आला, पोराने डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी आजी माझ्या गाडीपाशी किएतला शोधत आली. तिला कुठला पिक्चर हवा होता माहीत आहे? नाश्त्याच्या दुकानवालीचा. तोच तो, सगळ्या देशात महिनोन् महिने चाललेला, पोरी रुमाल घेऊन बघायला जायच्या तो.

किएतने कपाळाला हात लावला. "आजी! तो? अर्धा सॉसेज आहे तो. एक पोरगी अंडी तळते, एक बसवाला तिच्याकडे बघतो. ती परत अंडी तळते, तो परत बघतो. राजांना काय त्याचं? तलवारबाजीचा लावू, मस्त आहे."

"हाच लाव."

"अहो, झोप येईल राजांना."

"राजांना विचारलंय मी," आजी म्हणाली. "कौल मिळालाय. आणि किएत, शेवटपर्यंत लाव हो. मधे बंद करू नकोस. शेवटपर्यंत."

"शेवटपर्यंत, शेवटपर्यंत," किएत म्हणाला, आणि ती पाठमोरी झाल्यावर माझ्याकडे बघून त्याने जांभई दिली. मी हसले.

ज्या दिवशी पिक्चर, त्या दिवशी आजी हॉस्पिटलातच होती. पोराजवळून हलता येईना. नवसाच्या पिक्चरला नवस बोलणाऱ्याने हजर असलंच पाहिजे असं काही नाही. राजे असले की झालं. पटांगणात चिटपाखरू नव्हतं. देवळाचा पुजारी आत टीव्ही बघत बसलेला. सूर्य नुकता मत्स्यतळ्यांपलीकडे गेला होता. किएतने रीतसर आधी आठ सिद्धपुरुषांची ती छोटी फिल्म लावली, आशीर्वादाची. ती चुकवायची त्याचीही छाती नव्हती. मग नाश्तेवाली सुरू झाली. अंडी तळून झाली. बसवाल्याने बघितलं. आणि किएत उठला.

"नाही सहन होत, हुनताई. बघ राजांचं तोंड. बघ कसे बसलेत."

त्याने मशीनमध्ये काहीतरी खुपसलं आणि पडद्यावर धूर आला, आग आली, आणि केसाळ माणसांचा एक कळप अंगावर धावून आल्यासारखा ओरडायला लागला. कुठल्याशा बर्फाच्या देशातला जलसा. माझ्या शेगडीवरची राख हलली, देवाशपथ.

"अरे मेल्या, काय करतोस!" मी चिमटा घेऊनच धावले. "नवसाचा पिक्चर आहे तो! लाव परत!"

"कोण बघतंय?"

"तो बघतोय ना पुढे बसलेला!"

"त्यालाच तर आवडेल! मी त्यांच्यावर उपकार करतोय. हे बघ, हे गाणं, पाच सॉसेज. राजे, ऐका!" आणि लाल रिकाम्या खुर्च्यांच्या मागे उभा राहून हा घोडा मान हलवायला लागला, मागची शेपटी गरागरा. मी म्हटलं, राजे कान धरतील तुझा. तो म्हणाला, राजे वेणी वाढवतील. काय बोलणार अशा माणसापुढे! मी सॉसेज उलटायला परत गेले.

पोरगा हॉस्पिटलातून घरी यायचा होता त्या दिवशी सकाळी आजी आभार मानायला देवळात आली. दिवस चांगला होता, म्हणून गर्दी होती. कालवंवाल्या बायका, म्हातारे, पुजारी. आजीने कासवाच्या छापाच्या लाल पोळ्या मांडल्या, फळं मांडली, उदबत्त्या लावल्या आणि कौलाच्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन लाकडी कोरी हातात घेऊन गुडघ्यांवर बसली. एक पालथी, एक उताणी पडली की राजांचं हो. दोन्ही पालथ्या, नाही. दोन्ही उताण्या, राजे हसले, नीट विचारा.

"राजे, पिक्चर पोचला ना? नवस फिटला ना?"

दोन्ही पालथ्या.

बायका म्हणाल्या, पत्ता नीट सांगितलास का? घराचा नंबर बदललाय ना मागच्या साली, राजांना जुनाच सांगितला असशील. आजीने नवा नंबर सांगितला, नाव सांगितलं, जन्मतिथी सांगितली. पालथ्या. पुजारी म्हणाला, नातवाचं पाळण्यातलं नाव सांग, कागदावरचं नको. तेही झालं. पालथ्या.

किएत माझ्या गाडीशी होता. पुढच्या आठवड्याचा एक पिक्चर ठरवायला आला होता. त्याचा चेहरा उकडलेल्या शिंपल्यासारखा उघडा पडला.

"जा, सांग," मी म्हटलं.

"थांब की. पुढचा कौल मिळेल. मिळाला की झालं."

"अरे, जा!"

"एवढ्या लोकांत? थांब गं, हुनताई, एकच बघू."

आणि आतमध्ये आजीचा आवाज बदलला. ती आता पत्ता सांगत नव्हती. "राजे," ती म्हणाली, "माझंच काही चुकलं असणार. कळलं मला. मी तुमच्या जत्रेला डुकराचं मटण कमी घातलं होतं, त्याचा राग आहे?" पालथ्या. "नवऱ्याच्या आजारपणात मी त्याला शिव्या दिल्या, त्याचा?" पालथ्या. म्हातारी एकेक चूक काढून राजांपुढे ठेवत होती आणि विचारत होती, ही का? ही का? एखाद्या बाईने घरातलं एकेक भांडं रस्त्यावर आणून ठेवावं तसं. प्रत्येक वेळी कोरी फरशीवर आपटायच्या, आणि प्रत्येक वेळी किएत डोळे मिटायचा. मी त्याला ढकललं. तो दोन पावलं गेला आणि खांबापाशी थांबला. लाज काय चीज असते ते मी त्या दिवशी पाहिलं. माणसाचे पायच नाहीसे होतात. बोलायचं तर आहे, पण आधीच बोलायला हवं होतं, ह्याचीच लाज वर चढत जाते, आणि क्षणाक्षणाला बोलणं महाग होतं.

"मग हानचं?" आजी म्हणाली. फार हळू म्हणाली, पण देवळात आवाज घुमतो. "राजे, हानचंच ना? मी तिचा माहेरचा फिश सॉस नाल्यात ओतला. जेवायला बसली की उठवायची. मग माझी सोन्याची साखळी गेली. मी म्हटलं, हिनेच चोरली. मुलाला फोनवर सांगितलं. घराबाहेर काढली तिला, पोर रडत होतं तिच्या पायाला धरून. साखळी सापडली, राजे. तांदळाच्या डब्यामागे सापडली. मी कुणाला सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलं नाही." तिने कोरी टाकल्या.

पालथ्या.

हान ज्यांच्याबरोबर कालवं फोडायची त्या बायका तिथेच उभ्या होत्या. त्यांनी तोंडं फिरवली. आजीने मूर्तीकडे वर बघितलं आणि म्हणाली, "मग काय, तुम्हाला पोरगाच परत हवाय?"

तेव्हा कुठे किएत खांबापासून सुटला. धावत गेला, तिच्या शेजारी धप्पकन गुडघ्यांवर बसला. "आजी, तुझं काही नाही. मी केलं. तुझा पिक्चर मी लावलाच नाही. सुरू केला आणि काढला. दुसरंच लावलं, माझ्या आवडीचं." आणि कवटीचा टी-शर्ट फरशीला लागेपर्यंत वाकला.

मला वाटलं आता ती थोबाडीत देते. गावाला वाटलं. पुजारी तर बोट रोखून ओरडायलाच निघाला होता. आजीने त्याला हाताने थांबवलं. मग किएतला विचारलं, "तू कधीपासून इथे आहेस?"

"पहिल्या कौलापासून."

"मग मला एवढं सगळं का बोलू दिलंस?"

प्रत्येक गोष्टीवर मत देणाऱ्या किएतने कपाळ परत फरशीला टेकवलं. आजी उठली, कासवपोळ्या तिथेच ठेवल्या आणि बायकांच्या मधून बाहेर गेली. बायकांनी वाट दिली. जरा जास्तच दिली.

त्याच संध्याकाळी किएतने परत पडदा लावला. ह्या वेळी अख्खं गाव आलं. वर्षानुवर्षांत एवढी माणसं त्या पटांगणात मी पाहिली नव्हती. पिक्चरसाठी थोडीच आली होती ती! कुणी किएतकडे बघायला, कुणी आजीकडे. माझे सॉसेज हातोहात गेले आणि मला ते पैसे हातात घ्यायचीही लाज वाटत होती.

आजी आली. पोराला घरी झोपवून, शेजारणीला बसवून आली. देवांच्या रांगेमागे किएतने तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर कुणी बसलं नाही. लोक मागे उभे राहिले, पण तिथे बसले नाहीत. सकाळपर्यंत हीच बाई सगळ्यांची आजी होती. किएत मशीनजवळ बापासारखा हात मागे बांधून उभा होता. त्या रिकाम्या खुर्च्या त्याने बघितल्या. मग येऊन तिच्या शेजारी बसला.

"कसा आहे पिक्चर?" आजीने पडद्यावरची नजर न काढता विचारलं. "सगळ्यांना सांगतोस. मलाही सांग."

"पुढचा मला माहीत नाही, आजी. अर्ध्यापलीकडे कधी बघितलाच नाही."

"मग गप्प बस आणि बघ."

अंडी तळून झाली. बसवाल्याशी लग्न झालं. आणि मग पिक्चरमध्ये सासू आली. मीही तो भाग पहिल्यांदाच बघत होते, चिमटा हातात तसाच. सासू सुनेला घालवून देते. वर्षं जातात. मग एका पहाटे ती म्हातारी सुनेच्या दुकानासमोर येऊन उभी राहते. दुकान उघडायचं आहे, शटर अर्धं वर. म्हातारीला बोलायचं आहे, पण तोंडातून शब्द निघत नाही. ती नुसती उभी. मग आत शिरते, कोपऱ्यातली घाण भांडी उचलते आणि घासायला लागते. सून बघते. बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज.

किएतची मान हळूहळू खाली गेली.

"आजी," तो म्हणाला. माझी गाडी जवळच होती, मला ऐकू आलं. "म्हणून हाच हवा होता?"

"यीशेंगने मोबाइलवर दाखवला होता," आजी म्हणाली. "मी त्याला म्हटलं, कांदा कापलाय म्हणून डोळ्यांत पाणी आलं. मला तोंडाने बोलता येत नव्हतं रे. म्हटलं, हा पिक्चर राजांना दाखवावा, राजे बघतील आणि समजतील ह्या म्हातारीला काय म्हणायचंय. त्यांच्याशिवाय आणखी कोण बघणार होतं? तुझ्या पिक्चरला कोण येतं?"

किएतने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याला बारशापासून ओळखते. बाप गेला तेव्हाही त्याला असं बसलेला पाहिला नव्हता.

शेवटची पाटी पडली. आजी उठली, आत गेली, कोरी टाकल्या. एक पालथी, एक उताणी. पहिल्याच फटक्यात. पुजाऱ्याने आनंदाने घंटा वाजवली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आजीने कोरी जागेवर ठेवल्या आणि बाहेर येऊन किएतला म्हणाली, "राजांचं फिटलं. चल, खुर्च्या आवर." आणि एकटीच घराकडे चालायला लागली. कालवंवाल्या बायका तिच्या बऱ्याच मागून चालत होत्या.

किएतने खुर्च्या आवरल्या. देवांच्या लाल खुर्च्या एकेक पुसून ट्रकमध्ये ठेवल्या. माझ्या गाडीशी आला तेव्हा पुजारी सवयीने विचारून बसला, "काय रे, कितीचा पिक्चर?"

मी पुजाऱ्याकडे डोळे वटारले, पण बोलून गेला होता. किएत शेगडीवर उरलेल्या शेवटच्या सॉसेजकडे बघत राहिला.

"मला नका विचारू," तो म्हणाला. "तिला विचारा." पण ती तोवर बांधाच्या वळणापलीकडे गेली होती, आणि तिला विचारायला आमच्यातलं कुणीच गेलं नाही.